उड्या मारण्यासाठी विणलेली कलाकृती: हाकोनेतल्या जाळ्याचा प्रकरण अभ्यास

जपानच्या कानागावा प्रांतात, हाकोनेच्या डोंगरात, १९६९ साली सुरू झालेलं एक खुलं शिल्पसंग्रहालय आहे. हेन्री मूरची मोठी शिल्पं हिरवळीवर मांडलेली, पिकासोचं वेगळं दालन, आणि बहुतेक गोष्टींना नेहमीचा नियम: बघा, हात लावू नका. याच आवारात लाकडाच्या जाडजूड तुळया एकावर एक रचून केलेली घुमटासारखी वास्तू आहे. तिच्या आत लाल, केशरी, पिवळ्या, हिरव्या, निळ्या, जांभळ्या पट्ट्यांचं, हाताने विणलेलं प्रचंड जाळं टांगलेलं आहे. मुलं त्यावर चढतात, लोळतात, मधल्या भोकांतून एका थरातून दुसऱ्या थरात जातात आणि खाली लोंबणाऱ्या विणलेल्या गोळ्यांना धरून झोके घेतात. आत जायला मिळतं ते प्राथमिक शाळेच्या वयापर्यंतच्या मुलांना. मोठ्यांनी कडेला बसायचं.

वास्तूचं नाव ‘नेट नो मोरी’, म्हणजे जाळ्यांचं जंगल. ती २००९ साली पूर्ण झाली. वास्तुरचना ताकाहारू आणि युई तेझुका यांची, संरचनेचं गणित नोरिहिदे इमागावा यांचं. आतलं जाळं तोशिको होरिउची मॅकॅडम यांचं. त्याच्या जपानी नावाचा अर्थ साधारण ‘भेट: अज्ञाताचा खिसा २’ असा होतो. त्यातला ‘२’ लक्षात ठेवावा. त्यांनी हाकोनेसाठी विणलेलं पहिलं जाळं १९८१ सालचं. मुलांच्या वापराने ते झिजलं आणि दुसरं करावं लागलं.

संग्रहालयाचा सारा व्यवहार वस्तू टिकवण्याचा असतो. इथली वस्तू मात्र झिजली तरच तिचा उपयोग झाला म्हणायचा. अशा कलाकृतीला छप्पर कसं द्यायचं, ती कशाची करायची, किती ताणायची आणि कधी उतरवायची, हे सगळं हाकोनेत एकाच ठिकाणी तपासता येतं.

जाळ्यापर्यंतचा रस्ता

होरिउची यांचा जन्म १९४० चा. तोक्योच्या तामा कला विद्यापीठात शिक्षण, मग अमेरिकेत क्रॅनब्रुक अकादमीत पदव्युत्तर शिक्षण, आणि न्यूयॉर्कमध्ये बोरिस क्रोल यांच्या कापड-संकल्पन व्यवसायात काम. म्हणजे पाया पक्का कापडाचा. साठीच्या दशकाअखेरीस त्या खोलीएवढी मोठी, टांगलेली धाग्याची शिल्पं करू लागल्या. सत्तरच्या सुरुवातीला एका प्रदर्शनात दोन मुलांनी त्यांच्या झुल्यासारख्या कलाकृतीत चढू का असं विचारलं आणि चढलीही. मुलांच्या वजनाने विणीचा आकार बदलला, एकाच्या हालचालीने दुसरा हलू लागला. हा प्रसंग त्यांच्या कामाबद्दल इतक्यांदा सांगितला जातो की तो दंतकथाच वाटतो. खरं काम त्यानंतरचं आहे: विद्यार्थ्यांना घेऊन तोक्योतली खेळाची मैदानं बघणं, मुलं कुठे काय करतात याच्या नोंदी ठेवणं, आणि तेव्हाच्या ठोकळेबाज, लोखंड-सिमेंटच्या साधनांत काय कमी आहे ते शोधणं.

१९७९ मध्ये फुमिआकी ताकानो या भूदृश्य-रचनाकारांबरोबर ओकिनावाच्या राष्ट्रीय उद्यानात मोठं जाळं झालं. १९८१ मध्ये हाकोने. २००० मध्ये सप्पोरोजवळच्या ताकिनो उद्यानात ‘इंद्रधनुष्याचं घरटं’ म्हणून ओळखला जाणारा घुमट. तिथेही ताकानो आणि इमागावा सोबत होते. दरम्यान त्या पती चार्ल्स मॅकॅडम यांच्यासह कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या ब्रिजटाऊन या छोट्या गावात स्थायिक झाल्या. जाळी विणण्याची कार्यशाळाही तिथेच आहे.

दोर

जाळ्याला लागतो गोफासारखा वळलेला नायलॉन ६-६ चा दोर. इथे सूत का चालत नाही हे सांगायला नको: दमट हवेत ते कुजतं, घामाने लवकर. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पाणी पीत नाही, पण नेहमीच्या पद्धतीने रंगवता येत नाही आणि संरक्षक रसायनाशिवाय उन्हात ठिसूळ होतं. पॉलिएस्टर उन्हाला नायलॉनपेक्षा चांगलं टिकतं. तरीही खेळाच्या जाळ्यात नायलॉनच सरस ठरतं ते ताणाच्या गुणामुळे. तुटेपर्यंत नायलॉनचा दोर बऱ्यापैकी लांबतो आणि भार गेला की परत येतो. पॉलिएस्टर त्याच्या निम्म्याच्या आसपास लांबतं. उडी मारल्यावर अंगाला बसणारा हिसका कमी होतो तो या लांबण्यामुळे.

रंगही याच निवडीला धरून आहे. नायलॉन आम्लरंग उत्तम घेतं. सौम्य आम्लाच्या पाण्यात, बहुधा ॲसेटिक आम्लात, तापमान हळूहळू उकळीजवळ न्यायचं. घाई केली की बाहेरचे धागे रंग पिऊन बसतात आणि गोफाचा गाभा पांढरा राहतो. नवीन असताना कळत नाही. सहा महिन्यांत पाय घासून वरचा थर झिजला की सगळीकडे पांढरट ठिपके दिसू लागतात आणि लोक म्हणतात रंग उडाला. उडालेला नसतो, आत गेलेलाच नसतो. दुसरी चूक क्रमाची: नायलॉन उकळत्या पाण्यात आकसतं, म्हणून आधी रंगवून, सुकवून मगच विणायला घ्यायचं. विणून रंगवलं तर टांगण्याच्या कड्यांची मापं जुळत नाहीत.

उन्हाचा प्रश्न मात्र नायलॉन सोडवत नाही. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. आधी पृष्ठभागावर बारीक लव येते, मग बोट फिरवलं की भुकटी लागते, आणि तोवर ताकद बरीच गेलेली असते. पाण्याचंही तसंच. नायलॉन हवेतली ओल पितं (साधारण दमटपणात वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास) आणि भिजल्यावर ताकद १० ते १५ टक्के घटते. ओलं-सुकं होताना ताणही बदलत राहतो. हाकोनेत वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोकणाच्या तोडीस तोड. १२ ऑक्टोबर २०१९ च्या वादळात तिथे एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तो जपानचा एका दिवसाचा विक्रम आहे. अशा जागी उघड्यावर जाळं टांगणं म्हणजे दर काही वर्षांनी नवं विणण्याची तयारी ठेवणं.

एक खिसा जवळून

फोटोंत दिसतात रंग. पण ज्याने कधी ताटावरचा क्रोशाचा रुमाल विणलाय त्याला या जाळ्याचं खरं कसब दुसरीकडे दिसेल: टाके वाढवण्या-थांबवण्यात.

मुक्या खांबाने (क्रोशाचा आखूड टाका) गोल विणायला घेतलं तर ६ टाक्यांनी सुरुवात करून दर फेरीला ६ वाढवले की चकती सपाट राहते. साध्या खांबाला (त्याहून उंच टाक्याला) हाच हिशेब १२ चा. वाढवणं थांबवलं की कडा वर वळते आणि चकतीची नळी होते, म्हणजेच खिसा. फेरीला ६ ऐवजी ८-९ वाढवले तर कडेला झालर पडते. याच तीन चाली (सपाट, वाटी, झालर) वेगवेगळ्या क्रमाने लावल्या की सपाट जाळ्यातून खाली लोंबणारा फुगा, दोन थरांना जोडणारी नळी, किंवा मुलाला डोकं बाहेर काढता येईल अशी झरोक्याची कडा तयार होते. साचा नाही, शिवण नाही. सगळा आकार टाक्यांच्या मोजणीत असतो.

रुमाल आणि जाळं यांत फरक एवढाच की रुमालाला इस्त्रीने बसवता येतं. जाळ्याला बसवतं ते गुरुत्वाकर्षण, आणि तेही वर मूल चढल्यावर. म्हणून रिकामं जाळं बरोबर दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. होरिउची आधी बारीक सुती दोऱ्याने छोट्या प्रमाणातली प्रतिकृती विणतात, टांगतात आणि भार टाकून बघतात. उलट्या टांगलेल्या साखळ्यांवरून कमानींचा आकार शोधणाऱ्या गाउदी या स्पॅनिश वास्तुकाराचा दाखला त्यांच्या कामाबद्दल दिला जातो तो याच कारणाने. गाउदीने आकार उलटा करून दगडात बांधला. इथे तो टांगलेलाच राहतो.

क्रोशा आणि कोळ्याच्या जाळ्याची गाठ यांत निवड करताना दोन्ही बाजू बघाव्यात. गाठीच्या जागी दोराची ताकद निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते, पण एक दोर तुटला तर भोक तिथल्या तिथे राहतं. क्रोशात फास फासातून सरकतो, भार शेजाऱ्यांत वाटला जातो, अंगाला गाठी टोचत नाहीत. मात्र मधला दोर कापला गेला तर आजूबाजूचे फास हळूहळू सैल होतात, आणि शेवटचं टोक नीट बंद केलेलं नसेल तर तिथून वीण सरळ उसवत जाते. म्हणून टोकं नुसती वितळवून ठेवून भागत नाही. ती चार-पाच टाक्यांतून मागे ओवून, शिवून टाकावी लागतात. वितळलेला गोळा टणक असतो आणि गुडघ्याला खरचटतं.

दोर किती लागेल याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. क्रोशाच्या नुसत्या साखळी-टाक्यांच्या एका मीटरला साडेतीन ते चार मीटर दोर सहज जातो, खांबांना त्याहून जास्त. एक चौरस मीटरचा नमुना विणून त्याचं वजन करावं आणि त्यावरून पूर्ण मागणी काढावी. रंगाची दुसरी खेप पहिलीशी तंतोतंत जुळत नाही, तेव्हा शेवटी ‘थोडा कमी पडला’ हे फार महाग पडतं.

झोळ

नवख्याला वाटतं, जाळं जितकं ताठ तितकं सुरक्षित. हिशेब उलटा आहे.

८ मीटर अंतरावर दोन आधार, मधे दोर, आणि बरोबर मध्यावर ३० किलोचं मूल. आधारावर आडवा ओढा किती? वजन गुणिले अंतर, भागिले झोळाची चौपट. झोळ, म्हणजे दोर मधे जितका खाली येतो ते अंतर, १ मीटर ठेवला तर ओढा ६० किलो. तोच दोर ताणून झोळ २५ सेंटिमीटरवर आणला तर २४० किलो. दहा मुलं एकदम मधे आली तर हेच आकडे ६०० आणि २,४०० होतात. शिवाय भार अचानक आला तर स्थिर भाराच्या दुप्पट परिणाम होतो. वरून उडी मारली तर त्याहून जास्त. जाळ्यात हा ओढा अनेक दोरांत वाटला जातो हे खरं, पण दिशा तीच राहते: झोळ कमी, आधारावर ओढा जास्त. नायलॉन भाराखाली लांबतं, झोळ आपोआप वाढतो आणि ओढा थोडा उतरतो. पोलादी तारेच्या जाळ्यात ही सवलत जवळजवळ मिळत नाही.

झोळाला दुसरी मर्यादा मुलांकडून येते. खोलगट जाळ्यात सगळे घरंगळून तळाशी जमतात आणि एकमेकांवर पडतात. म्हणून एकच मोठी वाटी न करता अनेक छोटे उंचवटे-खळगे ठेवायचे, बाहेर पडायच्या वाटा तळापासून दूर ठेवायच्या. हाकोनेतलं जाळं अनेक थरांचं आणि खिशांचं आहे ते फक्त मजेसाठी नव्हे. गर्दी त्यामुळे विखुरते.

जाळीच्या भोकांचं माप हा वेगळा विषय आणि सगळ्यात कमी लक्ष दिला जाणारा. खेळसाधनांच्या युरोपीय मानकात डोकं अडकण्याची तपासणी ८९ आणि २३० मिलिमीटर या मापांच्या तपासणी-ठोकळ्यांनी होते, बोटांची ८ आणि २५ मिलिमीटरच्या. सोपं करून सांगायचं तर, लहान मुलाचं अंग जाईल पण डोकं अडकेल असं भोक नको, आणि बोट जाईल पण निघणार नाही असंही नको. विणलेल्या जाळ्यात अडचण अशी की रिकामं असताना ७० मिलिमीटरचं भोक मुलाच्या वजनाने १०० चं होतं. म्हणून माप नेहमी भार टाकून घ्यायचं, आणि तेही जिथे खिसा मुख्य जाळ्याला जोडला जातो तिथे, कारण विणीची दिशा बदलते तिथेच ती सगळ्यात जास्त उघडते.

छप्पर

२००९ च्या कामात संग्रहालयाची मागणी अशी होती: जागा बाहेरची वाटली पाहिजे, पण जाळ्याला पाऊस आणि अतिनील किरण लागता कामा नयेत. काचेची पेटी केली असती तर काम सोपं झालं असतं, खेळ मात्र मेला असता. तेझुकांनी भिंत आणि छप्पर वेगळं न ठेवता तुळयांचा सैल ढीग रचावा तशी रचना केली. फटींतून वारा आणि उजेड येतो, ऊन सरळ जाळ्यावर फारसं पडत नाही.

आकडे बघा: ५८९ लाकडी भाग, सगळ्यांची मापं वेगवेगळी, एकूण ३२० घनमीटर लाकूड. म्हणजे सरासरी एक भाग अर्ध्या घनमीटरहून मोठा. हलकं, सूचिपर्णी जातीचं लाकूड धरलं तरी एकेक सुमारे अडीचशे किलोचा. दोरीच्या एका खेळण्यासाठी एवढं? या वास्तूबद्दल पहिली शंका हीच येते, आणि वर दिलेला ओढ्याचा हिशेब हेच तिचं उत्तर आहे. जाळं सगळ्या बाजूंनी आत ओढतं, सतत, आणि मुलं उड्या मारत असताना वेड्यावाकड्या लयीत. आधार जड आणि एकमेकांत गुंतलेला असेल तर तो ओढा मुरतो.

जोडांत धातू नाही. नारा आणि क्योतोच्या जुन्या मंदिरांमधल्या सुतारकामाची परंपरा इथे वापरली आणि भार कुठून कसा उतरतो हे संगणकावर तपासलं. धातू टाळण्याचा फायदा फक्त दिसण्यापुरता नाही. दमट डोंगरात लोखंडी बोल्टवर दव धरतं, गंज येतो, त्याच्याभोवतीचं लाकूड काळं पडून कुजू लागतं. लाकडाला लाकडाचा जोड असेल तर दोन्ही एकत्र फुगतात-आकसतात. तोटाही आहे: भागांची मापं सारखी नसल्याने प्रत्येकाला क्रमांक आणि रचण्याचा ठरलेला क्रम लागतो, आणि मधला एक भाग खराब झाला तर दुकानातून आणून बसवता येत नाही.

तेझुकांनी या जागेला शेकोटीची उपमा दिली आहे: मधे मुलं, भोवती पालक. ती नुसती काव्यात्म नाही, आराखड्यात उतरलेली आहे. मोठ्यांना बसायला-टेकायला तुळयांचे कठडे मिळतात आणि तिथून जाळ्याचा बहुतेक भाग दिसतो. देखरेखीची सोय बांधकामातच झाली की सूचनांच्या पाट्या कमी लागतात.

काय बिघडतं

झीज सगळीकडे सारखी नसते. पहिल्यांदा जातात टांगण्याच्या जागा, जिथे दोर कड्यावर किंवा तुळईवर घासतो. मग खिशांची तोंडं, कारण प्रत्येक मूल तिथेच हात टाकून वर येतं. मग लोंबणाऱ्या गोळ्यांचे देठ. मधला मोठा पट्टा, जो फोटोंत येतो, शेवटपर्यंत चांगला राहतो. म्हणून वरवर बघून ‘जाळं ठीक आहे’ म्हणणं धोक्याचं. तपासताना देठ हातात धरून पिळावा, फास उघडून आतला दोर बघावा. फासांच्या आत नायलॉन नायलॉनवर घासतं आणि तिथे जरा चकचकीत, टणक पट्टा दिसला तर घर्षणाने धागे वितळायला सुरुवात झाली असं समजावं.

दुसरा बिघाड वयांच्या मिश्रणाचा. बारा वर्षांचा मुलगा उडी मारून खाली आला की शेजारी बसलेलं तीन वर्षांचं मूल हवेत उडतं; जाळं भार जसा वाटतं तसा हिसकाही वाटतं. वयाची वरची मर्यादा यासाठी असते, आणि गर्दीच्या दिवशी लहान-मोठ्यांच्या वेळा वेगळ्या केल्या तर दुखापती आणखी टळतात. कपड्यांच्या लोंबत्या नाड्या, गळ्यातली दोरी, केसांतल्या टोकदार पिना बाहेर काढून ठेवायच्या. या बाबतीत सैलपणा नको. विणीत अडकलेली नाडी मूल वजन टाकतं तेव्हाच आवळते.

२०१३ मध्ये होरिउची मॅकॅडम यांनी रोमच्या माक्रो संग्रहालयात असंच जाळं टांगलं. तिथे ऊन-पावसाचा प्रश्नच नव्हता, कारण सगळं छताखाली. अशा जागी काळजी असते ती आधीच उभ्या असलेल्या इमारतीच्या आधारांची: जी भिंत वजन खाली नेण्यासाठी बांधली आहे ती आडवा ओढा घेईल का? रत्नागिरीत किंवा गोव्यात कुणाला शाळेसाठी असं काही करावंसं वाटलं तर दोन्ही प्रश्न एकदम येतील. आपल्याकडे सूर्य हाकोनेपेक्षा डोक्यावर जास्त असतो आणि पाऊस चार महिन्यांत एकवटतो. तेव्हा खर्चाचा पहिला वाटा छपराला आणि आधारांना काढून ठेवावा, दोराची मागणी त्यानंतर.

हाकोनेच्या पहिल्या आणि दुसऱ्या जाळ्यात २८ वर्षांचं अंतर होतं. लाकडी वास्तू अनेक जाळी बघेल अशा बेताने उभी आहे, तेव्हा तिसरंही कधीतरी विणावं लागेलच. अशा बदलासाठी जुन्या जाळ्याचे फोटो फारसे कामाचे नसतात. हवे असतात ते फेरीनिहाय टाक्यांचे तक्ते, रंगाच्या पाककृती आणि प्रत्येक रंगाचा हातभर दोर, टांगण्याच्या प्रत्येक बिंदूचा क्रमांक आणि तिथला झोळ, शिवाय कुठला भाग कितव्या वर्षी दुरुस्त केला याची वही. जुनं जाळं उतरवताना ते कापून न काढता बिंदूबिंदूने सोडवलं आणि जमिनीवर पसरून मोजलं, तर वापराने ते कुठे किती लांबलं हे कळतं. नव्या जाळ्याच्या तक्त्यात त्या जागी तेवढे टाके कमी घ्यायचे.